गॅलरीतली खंडेनवमी

मी कॉलेजात नेमकं काय काम करतो हे माझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. एकदा सांगून बघितलं. म्हटलं, "एक मोठी खोली हाय. तिथं दुसऱ्यांनी काढलेली चित्रं लावायची, महिनाभरानं काढायची, मग तिसऱ्याची लावायची." ती जात्यावरून उठावं तशी कमरेवर हात ठेवून उठली आणि म्हणाली, "आणि पगार कशाचा देत्यात मग?" बिद्रीजवळच्या आमच्या गावात ऊस लावणारी, ऊस तोडणारी आणि कारखान्याला ऊस घालणारी माणसं होती. चित्रं लावून काढणारा मी पहिलाच. तिच्या त्या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मला निवृत्त होईपर्यंत सापडलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या संस्थेच्या एका विश्वस्तांनी बडोद्याची कलाशाळा पाहिली आणि परत आल्यावर ठरवून टाकलं की आपल्या कॉलेजातही आजच्या कलेसाठी एक दालन हवं. जिमखान्याची जुनी खोली रिकामी होती. तिथलं कॅरमबोर्ड आणि टेबल टेनिसचं टेबल बाहेर गेलं, भिंतींना पांढरा रंग लागला, आणि चित्रकला शिकवणारा मी त्या दालनाचा प्रमुख झालो. प्रमुखाच्या हाताखाली एकच माणूस, शिपाई दत्तूमामा. सगळे 'गॅलरी'च म्हणत. काही जण जिमखानाच म्हणत राहिले.

बाहेरच्या माणसाला वाटतं, गॅलरी चालवणं म्हणजे खिळे ठोकणं. खिळे ठोकणं हे आहेच. चित्राचा मध्य बघणाऱ्याच्या डोळ्यासमोर यायला हवा, आणि गवंडी जशी पाणी भरलेली नळी धरून पातळी घेतात तशीच आम्ही घ्यायचो. पावसाळ्यात भिंतीला ओल यायची, म्हणून चित्रामागे बुचाचे तुकडे लावायचे. उन्हाची तिरीप कुठल्या महिन्यात कुठल्या भिंतीवर येते, ते पाठ असायला लागतं. पण खरं काम यापेक्षा वेगळं. माणूस आत येतो, समोरच्या वस्तूकडे बघतो आणि मग वळून माझ्याकडे बघतो. त्या दुसऱ्या बघण्याला तोंड देण्याचा मला पगार होता.

कोल्हापूर हे व्यक्तिचित्रांचं गाव. इथल्या माणसाला नाक नाकासारखं लागतं, आणि नसलं तर तो तसं तोंडावर सांगतो. एकदा एका चित्रकर्तीनं खोलीच्या मधोमध गुळाच्या ढेपा रचून मनोरा केला होता. मार्केट यार्डातले एक व्यापारी मुलीच्या ॲडमिशनसाठी आले होते, ते चुकून आत शिरले. बराच वेळ मनोऱ्याभोवती फिरले. मला वाटलं, चला, कुणीतरी रमलं. ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "सर, गूळ काळा पडलाय. कुणी गळ्यात मारला तुमच्या?" दुसऱ्या खेपेला टीव्हीवर चालणारी एक कलाकृती होती. पडद्यावर नुसती एक बाई चांदीच्या पैंजणाच्या कड्या डाग देऊन जोडत बसलेली. हुपरीच्या कारागिराघरचं दृश्य. पोरं येऊन मांडी घालून बसली. मी खूश. थोड्या वेळानं एकानं विचारलं, "सर, मॅच कवा लागणार?"

या गोष्टी मी आयुष्यभर मजेनं सांगत आलोय. मिलिंदच्या प्रदर्शनाची गोष्टही आमच्या स्टाफरूममध्ये याच रांगेत बसवलेली आहे. खंडेनवमी आली की कुणीतरी नव्या प्राध्यापकाला ती सांगायला सुरुवात करतो आणि 'दत्तूमामानं कलाकृतीला धार लावली' इथं आलं की सगळे हसतात. पहिली काही वर्षं मीही हसलो. पण ती गोष्ट तिथं संपत नाही, आणि पुढचं कुणी सांगत नाही, कारण पुढचं हसण्यासारखं नाही.

मिलिंद आमच्याच कॉलेजचा. कागल तालुक्यातल्या एका गावचा, बौद्ध घरातला मुलगा. माझ्या तासाला मागे बसायचा आणि मी दाखवलेल्या मडक्याऐवजी खिडकीबाहेरचा झाडू काढायचा. बडोद्याला शिकून आला तेव्हा मला म्हणाला, "सर, एक काम मांडायचंय. पण त्यासाठी आबांची परवानगी काढावी लागंल, आणि ती माझ्याच्यानं निघंना झालीय."

काम असं होतं. त्यांच्या घराच्या माळ्यावर तीन वस्तू पडून होत्या: घुंगराची काठी, दोर आणि कुऱ्हाड. काठी वाजवत गावाचे निरोप घेऊन रानोमाळ धावायचं, दोरानं मेलेलं जनावर ओढायचं, कुऱ्हाडीनं गावच्या लग्नाकार्याची लाकडं फोडायची, ही त्यांच्या वाडवडलांची गावकी. छप्पन सालच्या दसऱ्याला नागपुरात दीक्षेचा सोहळा झाला. त्याची हवा गावात पोचली आणि पुढच्या दसऱ्याला मिलिंदच्या वडलांनी, तेव्हाच्या विशीतल्या आबांनी, चावडीसमोर सगळ्या गावादेखत ही तिन्ही हत्यारं जमिनीवर ठेवली. म्हणाले, "आजपासनं बंद." एवढंच म्हणाले. पुढं गावानं पाणी तोडलं, काम तोडलं, ते सगळं सोसून ते साखर कारखान्यात लागले आणि बॉयलरवर काम करत रिटायर झाले. हत्यारं त्यांच्या आईनं उचलून माळ्यावर टाकली होती, ती परत कुणाच्या हातात जाऊ नयेत म्हणून. तेव्हापासून ती तिथंच गंजत होती.

परवानगी काढायला मी त्यांच्या घरी गेलो. आबा उंच, ताठ, पांढऱ्या सदऱ्यातले. चहा झाला. मी माझं प्रवचन झाडलं. ते त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, ठिवल्यालं परत काढायचं कशाला?"

मिलिंद म्हणाला, "आबा, उचलल्याली न्हाय दाखवायची. ठिवल्यालीच दाखवायची. तशीच. गंजासकट."

आबांनी रिकामी कपबशी बाजूला सारली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तिथं कोण हात लावणार न्हाय न्हवं?"

मी हसलो. त्यावेळी खरंच हसलो. म्हटलं, "आबा, गॅलरीत कशाला हात लावू देत नाहीत. आमचा पहिला नियमच तो. मी आहे ना तिथं." माझ्या शब्दावर त्यांनी मान हलवली.

उद्घाटन दसऱ्यालाच करायचं असं मिलिंदनं धरलं. कॉलेजला सुट्टी, माणूस यायचं नाही, असं मी म्हटलं. "आमच्यात दसरा दीक्षेचाच दिस असतोय सर," एवढंच तो म्हणाला आणि मला ते पटलं. प्राचार्यांनाही पटवलं. अष्टमीच्या संध्याकाळी मांडणी झाली. फरशी पांढरी रंगवलेली, तिच्यावर तीन वस्तू, आणि प्रत्येकीभोवती खडूनं ओढलेली बारीक रेघ. गंज इतका दाट की कुऱ्हाडीचं पातं मातीचं वाटावं. भिंतीवर एकच पाटी: 'खाली ठेवलेलं'. माझ्या दालनात मी लावलेल्या कामांतलं ते सगळ्यात चांगलं काम होतं, आणि मला त्याचा गर्व झाला होता.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्या कॉलेजात तिचा मोठा थाट. प्रयोगशाळेतल्या तराजूपासून ऑफिसच्या टाइपरायटरपर्यंत सगळ्याला हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. मला गावी जायचं होतं. आमच्या ट्रॅक्टरची पूजा माझ्याशिवाय करणार नाही असा थोरल्या भावाचा हट्ट. एसटी पकडायच्या घाईत मी दत्तूमामाला दुसरी किल्ली दिली आणि म्हणालो, "मामा, गॅलरीची पूजा नीट करा, काही राहू देऊ नका." माझ्या डोळ्यासमोर ड्रिल मशीन होतं, हातोडी होती, शिडी होती. मिलिंदच्या कामाविषयी मी त्याला एक अक्षर सांगितलं नाही. सांगायला हवं हे सुचलंच नाही. हजार माणसांना आजची कला समजावणाऱ्या माणसानं आपल्या शेजारी उभ्या असणाऱ्या माणसाला कधी काही समजावलं नव्हतं.

दसऱ्याला सकाळी मी गावाहून थेट कॉलेजवर आलो. मिलिंद आणि आबा पायरीवर बसलेले. आबांनी परीटघडीचा पांढरा सदरा घातला होता. मीच कुलूप काढलं. मीच दिवे लावले.

आधी वास आला, झेंडूचा आणि उदबत्तीचा. मग दिसलं. कुऱ्हाड चकाकत होती. गंज पॉलिशपेपरनं घासून काढलेला, पात्याला खोबरेल चोपडलेलं, धारेची कड उजेडात पांढरी दिसत होती. दांड्याला हळदकुंकवाची बोटं, वर माळ. काठीच्या घुंगरांना चिंच लावून लख्ख केलेलं. दोराची सुबक गुंडाळी, तिच्यावर फूल. पुढ्यात फोडलेला नारळ. खडूच्या रेघा मात्र पुसल्या नव्हत्या. त्या त्यानं सांभाळल्या होत्या.

पहिला विचार काय आला ते सांगतो: काम खराब झालं, आता मिलिंदला काय सांगायचं. आबांचा विचार नंतर आला. याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

आबा पुढं गेले. वाकले. कुऱ्हाडीच्या पात्यावर त्यांनी अंगठा आडवा फिरवला, धार बघणारा माणूस फिरवतो तसा, सहज, हाताच्या सवयीनं. आणि मग विस्तवाला लागल्यासारखा हात मागं घेतला. तो हात त्यांनी सदऱ्याला पुसला, परत पुसला. एवढ्या वर्षांनी तो अंगठा आपणहून तिथं गेला याची त्यांनाच शरम वाटली असावी, असं मला त्यांच्या तोंडाकडे बघून वाटलं. ती शरम त्यांची नव्हती. ती आमची होती, आणि आम्ही ती त्यांच्या हातात दिली होती.

तेवढ्यात दत्तूमामा खोबऱ्याची ताटली घेऊन आला. नवं धोतर, कपाळाला टिळा, चेहरा फुललेला. "सर, कसं काय झालंय? गंजल्याली कुऱ्हाड नवमीला तशीच ठिवायची व्हय? आपल्यात चालत न्हाय. काल सकाळपास्नं घासत हुतो." मग आबांकडे बघून, "पावणं, प्रसाद घ्या की."

"ठिवा तिथं," आबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

मी घाईघाईनं मध्ये पडलो. "आबा, चूक झाली. पण त्यांनी श्रद्धेनं केलंय हो. एका अर्थी मानच दिलाय." हे वाक्य मी बोललो. आजही एकटा असलो की आठवतं आणि मी उगाच काहीतरी मोठ्यानं बोलायला लागतो, ते ऐकू येऊ नये म्हणून.

आबा म्हणाले, "सर, नवमीला हत्यार कशापायी पुजत्यात?"

"साधनांविषयी कृतज्ञता म्हणून..."

"न्हाय. माझा बा बी पुजायचा ही कुऱ्हाड. पुढच्या साली बी काम चालू ऱ्हावं म्हणून पुजत्यात." त्यांनी तिन्ही वस्तूंवरून नजर फिरवली. "आमी बंद केल्यालं. तुमी चालू केलासा."

मिलिंद आतापर्यंत भिंतीला टेकून उभा होता. तो पुढं आला आणि माळ काढायला वाकला. आबांनी त्याचं मनगट धरलं. "तू न्हाय. तू मांडलीस ती म्या ठिवल्याली. आता चालू झाल्यात. चालू हत्याराला तू हात लावायचा न्हाय. तू कवा धरल्यालं न्हाईस, धरायचं बी न्हाय."

याच वेळी प्राचार्य आले. विश्वस्त आणि पाहुणे मागोमाग येत होते. प्राचार्यांनी कामाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. महिनाभर ते मला विचारत होते की या गंजक्या सामानात बघायचं काय. आता त्यांना बघण्यासारखं काहीतरी दिसलं. "वा, आज दसरा, प्रसंगाला शोभून दिसतंय. हार वगैरे राहू दे हं," ते म्हणाले.

मी म्हणालो, "बरं सर."

मिलिंदनं माझ्याकडे बघितलं. मी त्याला सहा वर्षं शिकवलं होतं. त्या एका नजरेत तो माझा विद्यार्थी राहिला नाही, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती.

आबांनी मात्र कुणाला विचारलं नाही. त्यांनी माळा उतरवून दत्तूमामाच्या ताटलीत ठेवल्या, कुऱ्हाड उचलली, दोर आणि काठी घेतली आणि मागच्या नळावर गेले. मी पाठोपाठ गेलो. ते उकिडवे बसले होते. मुठीनं माती घेऊन पात्यावरचं तेल घासत होते. सदऱ्याच्या बाह्या भिजल्या होत्या, पांढऱ्या कापडावर कुंकवाचे शिंतोडे उडाले होते. दांड्याच्या लाकडात हळद मुरली होती, ती निघत नव्हती. मी म्हटलं, "आबा, द्या, मी धुतो."

"नगं," ते म्हणाले. "एकदा ठिवली हुती. दुसऱ्यांदा ठिवतो. त्यात काय." आणि जरा थांबून, "तवा पोरगा हुतो, वाकायला त्रास नव्हता."

दत्तूमामा माझ्यामागे येऊन उभा राहिला होता. त्याचा फुललेला चेहरा उतरला होता. "सर, माझं काय चुकलं?" त्यानं हळू आवाजात विचारलं. मी त्यालाही काही सांगितलं नाही. "नंतर बोलू," म्हणालो. नंतर कधीच बोललो नाही. तो रिटायर होईपर्यंत दर नवमीला गॅलरीची किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेवायचा आणि पूजेच्या दिवशी तिकडे फिरकायचा नाही.

आत पाहुणे जमले होते. बायकांच्या हातात आपट्याची पानं, एकमेकांना सोनं देणं चाललेलं. प्राचार्य स्वागताचं बोलू लागले होते, एवढ्यात मागच्या दारानं आबा आले. कुऱ्हाड खांद्यावर, दोर दंडाला, हातात काठी. ओले झालेले घुंगरू प्रत्येक पावलाला वाजत होते. लोक बाजूला झाले. आबा मोकळ्या रेघांपाशी गेले. गुडघ्यावर एक हात टेकवून वाकले आणि आधी कुऱ्हाड ठेवली. मग दोर. मग काठी, घुंगरांचा आवाज होऊ नये म्हणून दोन्ही हातांनी. सरळ व्हायला त्यांना वेळ लागला. मग समोर कुणाकडेच न बघता म्हणाले, "आजपासनं बंद."

प्राचार्य विश्वस्तांच्या कानाशी लागून म्हणाले, "हल्ली असं करून दाखवतात, कलेचाच भाग असतो," आणि त्यांनी टाळी वाजवली. विश्वस्तांनी वाजवली. मग सगळ्यांनी. चांगल्या, भरघोस टाळ्या. आमच्या दालनात तेवढ्या टाळ्या कधी पडल्या नव्हत्या.

आबा त्या आवाजात उभे होते. मिलिंद त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. टाळ्या ओसरल्या तेव्हा आबांनी खोलीवरून नजर फिरवली. सगळ्या माणसांत ओळखीचा असा मी एकटाच होतो, म्हणून ते माझ्यापाशी आले.

"सर," त्यांनी विचारलं, "गावानं तवा दगडं मारली हुती. ते मला कळलं हुतं. ही माणसं टाळ्या कशापायी वाजवाय लागल्यात?"

माझे दोन्ही हात अजून छातीपाशी होते, तळवे वाजवून वाजवून गरम झालेले. मी ते हळूच पाठीमागे नेले. आबांनी ते बघितलं.